गल्लीभर फिरून आलेलं माझं सुख

साकाता,
६ मार्च (बर्फ अजून हलायचं नाव घेत नाही)

तीर्थस्वरूप ताकेको वन्संना, फुसाएचा कमरेतून वाकून नमस्कार. (कंबर परवापासून धरली आहे, त्यामुळे हा नमस्कार नेहमीसारखा समजू नये, जपून ठेवावा.)

तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डावा दुखतोय म्हणाला होतात, त्याच्या आदल्या पत्रात उजवा. एव्हाना दोघांची आपसात समजूत पटली असेल अशी आशा आहे. बागेत छाटणी सुरू झाली असेल. चिरंजीव शिडीवर आणि तुम्ही खाली उभ्या राहून त्याला कुठली फांदी तोडायची ते सांगत असाल, म्हणजे त्याच्या सुखाला काही तोटा नसेल. तुम्ही पाठवलेली सफरचंदांची पेटी पोचली. वरचा थर फारच गोड, मधला त्याहून गोड, आणि तळची चार फळं तुमच्या बंधुराजांसारखी, म्हणजे आतून चांगलीच असावीत, पण बाहेरून कळायला काही मार्ग नाही.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. हे वाक्य मी गेली एक्केचाळीस वर्षं तुम्हाला लिहीत आले आणि तुम्हीही ते कधी वाचलं नसेल, कारण असली वाक्यं वाचण्यासाठी नसतातच. यंदा मात्र मी ते आकड्यासकट लिहू शकते. काल संध्याकाळी साडेसहा वाजता मी दहापैकी सहा पूर्णांक पाच इतकी सुखी होते. परवा पाच पूर्णांक आठ होते, पण परवा कंबर धरली होती. हा आकडा कुणी काढला, कशासाठी काढला आणि तो काढण्याची पाळी आमच्यावर का आली, हे सांगण्यासाठीच हे पत्र. निवांत बसून वाचा, गुडघ्यावर काहीतरी गरम ठेवा.

तुम्हाला माहीतच आहे, तुमचे बंधुराज पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तीस-पस्तीस वर्षं ते शहराच्या टाक्यांवर नजर ठेवून होते. आता टाकी नाही, म्हणून भिंतीवर नजर ठेवतात; माझ्याकडे बघत नाहीत. ते काही बोलत नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. सकाळी जेवणाच्या खोलीत रजई पांघरलेल्या गरम मेजाखाली पाय घालून बसतात आणि दिवसातून सात-आठ वेळा एकच प्रश्न विचारतात, "कात्री कुठेय?" कात्री एकोणीस वर्षं एकाच खणात आहे. तेव्हा मागच्या वर्षी सार्वजनिक सभागृहाच्या दारावर ‘ज्येष्ठांसाठी इंग्रजी संभाषण, दर मंगळवारी दहा ते बारा’ अशी पाटी दिसली आणि मला इंग्रजीची अचानक फार ओढ वाटू लागली. संस्कृत असतं तरी मी गेले असते. भाषा महत्त्वाची नव्हती, दहा ते बारा महत्त्वाचं होतं.

शिकवायला मारिसेलबाई आहेत. त्या फिलिपीन्सच्या, इथल्या टायरच्या दुकानदाराशी लग्न करून आलेल्या. हसतात मोकळं, आणि प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतात, हे आम्हाला जरा जड गेलं. दर आठवड्याला एक छापील कागद वाटतात आणि त्यावर बोलायचं. एकानं जांभई दिली की दुसऱ्याला का येते. लिफ्टमध्ये शिरली की माणसं गप्प होऊन वरचे आकडे का बघतात. दुकानात आपण सोडून दुसरी रांगच का पुढे सरकते. असले प्रश्न. सत्तरी गाठलेली आम्ही सात माणसं ‘रांग’, ‘रांग’ करत बसतो आणि बारा वाजता एकमेकांना वाकून, ‘आज फार शिकायला मिळालं’ असं आपल्या जपानीत म्हणत घरी येतो.

जानेवारीत कागदावर विषय आला, सुख. मारिसेलबाईंनी फळ्यावर एक ते दहा आकडे काढले आणि विचारलं, तुम्ही किती सुखी आहात, प्रत्येकानं आकडा सांगा. पहिली पाळी अर्थातच कुरामोची गुरुजींची. (आमच्याच गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं. वय चौऱ्याऐंशी, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, पण ते शाळेला कळलं, त्यांना अजून कळलेलं नाही.) गुरुजींनी डोळे मिटले, बराच वेळ मनात हिशेब केला आणि म्हणाले, सहा. संपलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसापुढे सात म्हणायचा उद्धटपणा कोण करणार? आणि पाच म्हणावं तर सभागृहाच्या चहाबद्दल तक्रार आहे असा अर्थ निघायचा. म्हणून सहा, सहा, सहा, असं करत आकडा बाकांवरून फिरत गेला. शेवटच्या बाकावरच्या गृहस्थांची बायको शरद ऋतूत वारली. तेही ‘सहा’ म्हणाले आणि हसले. मारिसेलबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. त्यांचं हसू गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी आम्हाला प्रत्येकी एक पातळ वही दिली. तोंडानं तुम्ही खरं सांगणार नाही, म्हणाल्या, तेव्हा रोज तीन ओळी लिहा. आज कशानं सुख वाटलं, आणि माणसांच्या वागण्यातलं काय नवल दिसलं. महिन्यानं वही आणायची. आणि शेवटच्या पानाखाली तीन चौकटी आखून दिल्या. तीन माणसांना वही वाचायला द्यायची आणि त्यांची सही किंवा शिक्का घ्यायचा, कारण सुख एकट्यानं लिहून काही उपयोग नाही, असं त्यांच्याकडचं मत आहे. मी त्या चौकटींची चिंताच केली नाही. स्टेशनजवळच्या दुकानात कुठल्याही आडनावाचा शिक्का तयार मिळतो. तीन आडनावं घ्यायची आणि उमटवायची, बाईंना काय कळतंय, असा माझा साधा सरळ बेत होता.

आता वन्सं, इथे मला एक कबुली द्यायची आहे. आपल्या भाषेत मी चांगली तिखट आहे, हे तुम्ही लग्नाच्या दिवसापासून जाणता. इंग्रजीत मला टोमणा मारता येत नाही. शब्दच नाहीत. माझ्याकडे ‘मी’, ‘सुखी’, ‘नाही’, ‘नवरा’, ‘मुळा’ एवढंच भांडवल. एवढ्याशा भांडवलात मनुष्याला खरंच लिहावं लागतं, दुसरं काही परवडत नाही. आणि घरात कुणाला वाचता येत नाही म्हटल्यावर माझा हात सुटला तो सुटलाच.

सुगावाराबाईंच्या लोणच्याबद्दल लिहिलं. पलीकडच्या घरातून दर आठवड्याला मुळ्याच्या लोणच्याचा डबा येतो. डबा रिकामा परत करता येत नाही, म्हणून मी त्यात काहीतरी भरून पाठवते, मग तो रिकामा ठेवता येत नाही म्हणून त्या पुन्हा मुळा भरतात. एकोणीस वर्षं हा डबा असा हेलपाटे घालतोय. मी लिहिलं, ‘ज्या आठवड्यात डबा येत नाही त्या आठवड्यात मी सुखी. मुळा फार खारट. नवरा खातो. नवरा काहीही खातो.’ पुढे इगाराशींच्या फावड्याबद्दल. हे गृहस्थ दर हिवाळ्यात आपल्या दारापुढचं बर्फ हद्दीच्या काठीपर्यंत काढतात आणि तिथे फावडं असं थांबवतात की पुढचा कण हलत नाही. तीन वर्षांपूर्वी मी ती काठी हळूच एक फूट माझ्या बाजूला सरकवली. त्यांनी निमूट एक फूट जास्त काढलं. ‘मी तीन दिवस सुखी होते,’ असं लिहिलं. खरं तर तीन हिवाळे होते, पण अनेकवचनाची भीती वाटली. मंगळवारी वर्ग सुटल्यावर बसच्या थांब्यावर उभं राहून मी गोड सारणाचा एक पाव एकटी खाते आणि घरी येऊन भूक नाही म्हणते, तेही लिहिलं. आणि तुमच्या बंधुराजांबद्दल लिहिलं, ‘आठवड्यात सर्वांत सुखाची वेळ मंगळवार, दहा ते बारा. तिथे कोणी कात्री विचारत नाही.’

शेवटच्या पानावर काय लिहिलं ते पुढे सांगते. ते लिहायचं ठरवलं नव्हतं.

तुमच्याकडे बागांमुळे घरं लांब लांब, गल्लीची फिरती पाटी तुम्ही मोटारीत घालून नेता. आमच्याकडे बारा घरं एका ओळीत. पालिकेची पत्रकं, कचऱ्याचे वार, तपासणीच्या तारखा, सगळं त्या पाटीला चिमट्यात लावायचं. प्रत्येक घरानं वाचायचं, यादीत आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात द्यायचं. वर्षाचा प्रमुख पाळीपाळीनं. यंदा पाळी आमची आहे, म्हणजे तुमच्या बंधुराजांची. टाक्या गेल्यानंतर त्यांच्या हाती आलेली ही पहिलीच सत्ता. पाटी आमच्याकडून निघते, अकरा घरं फिरते आणि आमच्याकडेच परत येते. मग ते शिक्के मोजतात आणि कागद खणात ठेवतात. एरवी या प्रवासाला तीन आठवडे लागतात. मूत्राशयाच्या मोफत तपासणीच्या कागदाला पाच लागले होते, तोवर तपासणी होऊन गेली होती.

वही न्यायच्या मंगळवारी मी वर्गात पिशवी उघडली तर वही नाही. मला वाटलं मेजावर राहिली. बारा वाजता पावसुद्धा न खाता घरी आले. मेज स्वच्छ. बंधुराज मेजाखाली पाय घालून स्वस्थ.

"इथली वही कुठे गेली?"

"पाटीला लावली."

"कुठल्या पाटीला?"

"आपल्याकडे एकच आहे."

"का पण?"

"शेवटच्या पानावर तीन चौकटी रिकाम्या होत्या."

वन्सं, तुमच्या धाकट्या भावाला तुम्ही मांडीवर खेळवलंय, तेव्हा हे वाक्य तुम्हाला नवीन नसेल. या माणसाला रिकामी चौकट बघवत नाही. औषधाच्या खोक्यावरसुद्धा ‘उघडल्याची तारीख’ म्हणून चौकट असली तर ती भरल्याशिवाय गोळी घेत नाहीत. तीन शिक्के हवेत, पाटीवर बारा मिळतात. खात्यात असते तर या कल्पनेबद्दल त्यांचा सत्कार झाला असता. मी एवढंच विचारलं की तुम्ही वाचली का. "हं," म्हणाले. त्यांच्या ‘हं’चे अकरा अर्थ होतात हे तुम्हीच मला लग्नानंतर समजावलं होतं, पण ते ओळखायचे कसे ते तुम्हालाही माहीत नव्हतं.

त्या क्षणी माझ्यापुढे एकच गोष्ट होती. गल्लीनं वाचलं तर वाचलं, तोंड लपवायला घर आहे. पण पाटी फिरून परत याच मेजावर येणार आणि हे शिक्के मोजता मोजता ती वही उघडणार. ‘मंगळवार दहा ते बारा’ हे त्यांनी वाचता कामा नये. इंग्रजी त्यांना येत नाही अशी माझी समजूत होती, पण ‘नवरा’ आणि ‘कात्री’ शोधायला कोशात कितीसा वेळ लागतो? पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला म्हातारपणी बायकोच्या हातचं असलं काही वाचायला लागू नये, एवढी लाज मला आहे. म्हणून बूट चढवून निघाले.

सुगावाराबाईंच्या दारात गेले. पाटी नाही, सकाळीच पुढे दिली. चष्मा कपाळावर, मागे मेजावर नातवाचा इंग्रजी कोश उघडा, आणि बाई म्हणतात, आपल्याला कुठलं बाई इंग्रजी, मी आपला शिक्का मारला आणि दिली. मी वाकले, त्या वाकल्या. मी वळले तेवढ्यात म्हणाल्या, "तोगाशीबाई, सहज विचारते हं, माझा मुळा जास्तच खारट होतो का हो?" पुढचं घर, पाटी नाही, आत्ताच दिली. त्याच्या पुढचं, आत्ताच दिली. इगाराशींनी तर दार उघडायच्या आधीच आतून सांगितलं की इंग्रजीचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. (मी इंग्रजीचं नावही काढलं नव्हतं.) जी पाटी एका घरात पाच-पाच दिवस वरवंट्यासारखी पडून असते ती त्या दिवशी बर्फातून माझ्यापुढे धावत होती. कुणीही वाचली नाही. फक्त आजीला ऐकवली, सुनेला दाखवली, आणि एका घरात म्हणे जेवण जरा उशिरा झालं.

संध्याकाळपर्यंत मी शेवटच्या दारात पोचले. कुरामोची गुरुजींकडे पाटी होती. लाल पेन्सिलही होती. मी हात पुढे केला तर म्हणाले, तपासून झाल्याशिवाय वही देता येत नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाले, नियमाप्रमाणे पाटी प्रमुखांच्याच हाती द्यायची. मी प्रमुखांची बायको आहे म्हटलं. ते त्यांना मान्य होतं, पण बायकोचा उल्लेख नियमात नाही. काठी टेकत ते माझ्याबरोबर आमच्या दारापर्यंत आले. मी एक पाऊल मागे, माझं सुख त्यांच्या काखेत. वाटेत कळलं की मला शंभरपैकी बासष्ट गुण आहेत आणि पहिल्या पानावर मुलांच्या वहीत मारतात तो फुलाचा शिक्का आहे, ‘आणखी थोडे प्रयत्न हवेत’. दाराशी थांबून मात्र खालच्या आवाजात म्हणाले, "शेवटचं पान मी तपासलेलं नाही. चुका आहेत. पण त्या राहू द्याव्यात."

तर ते शेवटचं पान. चार वर्षांपूर्वी तुमच्या भावाच्या पोटाचे तिनांतले दोन भाग काढले आणि एक ठेवला, तेव्हा ते तेवीस दिवस दवाखान्यात होते. तुम्ही येऊन गेलात, बर्फ खूप होतं, तुम्हाला आठवत असेल. मी त्या दिवसांबद्दल कुणाशी बोलले नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही ‘घर कसं शांत आहे, छान झोप लागते’ असंच म्हणाले होते. वहीत लिहिलं, ‘नवरा नव्हता. रोज सकाळी मी दोन कप काढत होते. एक परत ठेवत होते. तेवीस वेळा. मग नवरा आला. नवरा म्हणाला, कात्री कुठेय. मी न्हाणीघरात गेले. नळ सोडला. मी रडले. मी सुखी.’ एवढंच. याहून जास्त इंग्रजी मला येत नाही, आणि याहून कमी आपल्या भाषेत मला बोलता आलं नसतं.

गुरुजी गेले. हे मेजाशी बसले. चष्मा लावला. शिक्के मोजले, अकरा, आणि आपला धरून बारा. मग वही उघडली. मी आत जाऊन धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली, कोशाचं पान उलटल्याचा आवाज नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की पाणीपुरवठा खात्यातल्या परदेशी पंपांची जाडजाड माहितीपुस्तकं तीस वर्षं कोण वाचत होतं. माझी समजूत होती, कुणीच नाही. चाळीस मिनिटांनी ते येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी वळले नाही. म्हणाले,

"कात्री कुठेय?"

दुसऱ्या खणात, असं म्हणायला मी मान वळवली. वन्सं, कात्री त्यांच्या हातात होती.

इथे पत्र संपवलं असतं तर तुम्ही डोळे पुसले असते आणि मीही बरी वाटले असते. पण दिवस तिथे संपत नाही ना. दुसऱ्या दिवशी सकाळी इगाराशींनी बर्फ काढलं. काठी मूळ जागी परत, आणि गेल्या तीन हिवाळ्यांचं मी ढापलेलं एक फूट बर्फ माझ्या दारात आणून टाकलेलं, थापून, कडा सरळ करून. भेटले की पूर्वीपेक्षा खोल वाकतात. सुगावाराबाईंचा डबा आला; त्यात मुळा नाही, गोड सारणाचे पाव. मी बसच्या थांब्यावर चोरून खाते तेच. मग त्यांच्या पुढच्या घरातून पाव आले, मग त्याच्याही पुढच्या घरातून आले. गल्लीत कुणालाच इंग्रजी येत नाही, पण सगळ्यांना पाव आणायचं सुचलं. आता घरात अकरा पाव आहेत आणि मला त्यांचा वास नको झालाय. सुख उभ्यानं एकटीनं खाल्लं तर सुख, कुणी ताटात वाढलं की पथ्य. आणि मुळा येत नाही म्हणून तुमचे बंधुराज जेवताना डब्याकडे बघत बसतात. काल मीच सुगावाराबाईंकडे जाऊन, पाहुणे यायचेत असं खोटं सांगून मुळा मागून आणला. खारटच होता. बरा वाटला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. वहीत मारिसेलबाईंचा एक-ते-दहाचा कागद चिकटवलेला होता, तो यांना फार आवडला. दुसऱ्या संध्याकाळी साडेसहाला मेजावर एक नोंदवही आली, रेघा आखलेली, आणि हे म्हणाले, "आज किती?" आधी मला कळलंच नाही. मग कळलं. वन्सं, हा माणूस माझी पातळी मोजतो. रोज साडेसहाला, पावसाळ्यात टाकीची मोजायचे तशी. दशांशापर्यंत. सहाच्या खाली गेलं की उपाय सुरू होतात: चहा करून आणतात (चहाचा फक्त रंग असतो), कमरेला शेक देतात (कंबर तशीच, तीत आणखी एक चटका), बाजारात पिशवी धरायला बरोबर येतात. सहाच्या वर गेलं तर कारण विचारून लिहून घेतात. मंगळवारी वर्गाला निघाले की दारापर्यंत येतात आणि आल्यावर दारातच उभे असतात, कारण मंगळवारी पातळी वाढते हे त्यांना लेखी माहीत आहे आणि ती घरी पोचेपर्यंत किती उतरते ते बघायचं असतं. सहा वर्षं मी म्हणत होते की हा माणूस माझ्याकडे बघत नाही. आता बघतो. दिवसभर सुखी राहायचं म्हणजे काय काम असतं ते मला विचारा. जरा रागावावं तर त्याचीही नोंद होते. स्वतःचा आकडा मात्र सांगत नाहीत. मी तीनदा विचारलं. "हं."

मारिसेलबाईंना वही दाखवली. तीन शिक्के मागितले होते, बारा बघून त्यांना वाटलं आमची गल्ली फारच प्रेमळ आहे. मी तसंच समजू दिलं.

असो. तुमची तब्येत जपा, शिडीखाली उभ्या राहू नका, चिरंजीवाला आणि सूनबाईंना आशीर्वाद, आणि बागेला उन्हाची आठवण लवकर येवो.

तुमची भावजय,
फुसाए तोगाशी
(तूर्त सहा पूर्णांक पाच)

ता. क. एक क्षुल्लक गोष्ट राहिली. छाटणीनंतर खाली पडलेल्या फांद्या गोळा करायला तुम्हाला दरवर्षी माणूस कमी पडतो असं मागे म्हणाला होतात. तुमच्या भावाचे हातपाय ठणठणीत आहेत आणि फांद्या मोजून रचायच्या म्हटलं तर त्यांच्याइतका माणूस अख्ख्या आओमोरीत मिळणार नाही. तेव्हा त्यांना एक पत्र टाका. दहा दिवसांसाठी बोलवा. आज्ञा करा, तुमची आज्ञा ते मोडत नाहीत. मी सुचवलं असं चुकूनही लिहू नका. माझी दहा दिवस पातळी कुणी मोजली नाही तर ती किती वाढते ते मला एकदा बघायचं आहे.

ता. क. दोन. दहा दिवस जास्त होतील. फांद्या चार दिवसांत होतात. त्यांना एका वेळी पोटभर वाढू नका, उरलेलं पोट लहान आहे, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. थंडी वाजली तरी सांगणार नाहीत, कान लाल झाले की आत बोलवायचं. गोळ्या निळ्या पिशवीत असतील, खोक्यावर चौकट आहे, म्हणजे विसरणार नाहीत. सकाळी कप काढाल तेव्हा जाड कडेचा द्या. तीन दिवससुद्धा पुरतील.

ता. क. तीन. वन्सं, तिकिटं आणायला टपाल कार्यालयात जाऊन आले, तेवढ्या वेळात हे पत्र मेजावर उघडं होतं. चूक माझीच. ज्या घरात मेजावरचा प्रत्येक कागद वाचून, शिक्का मारून पुढे पाठवला जातो तिथे मी दुसरी काय अपेक्षा करणार? माझ्या नावाशेजारी जो लाल शिक्का दिसतोय तो माझा नाही. आणि त्याच्या बाजूला पेन्सिलनं, खोडता येईल इतका फिकट, एक आकडा आहे. नीट बघा, मी खिडकीजवळ नेऊन बघितला. आठ आहे.

एक्केचाळीस वर्षं माझ्या हातचं जेवून, माझं सगळं ऐकून घेऊन, आठ. मी घाईघाईनं पुन्हा लिहून काढणार होते, पण आता तसंच पाठवते. दोन अंथरुणं घाला. उरलेले दोन कुठे अडलेत ते मला गाडीत शेजारी बसून विचारायचं आहे.